चिनी आरमार, मार्गे महूनाका

आमच्या घरात समुद्र कोणीच पाहिलेला नव्हता, पण समुद्राबद्दल बोलायला सगळे तयार असत. बाबा कॉलेजात इतिहास शिकवत. पगार त्यांना होळकरांच्या काळातली सारावसुली शिकवण्याचा मिळे, पण जीव जडला होता तो चीनच्या मिंग बादशहांच्या आरमारावर. कोलंबस वगैरे मंडळींच्या पुष्कळ आधी चीनची प्रचंड जहाजं मलाक्का, सिंहलद्वीप, कालिकत करत पार आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत गेली होती, आणि ती मुलूख जिंकायला म्हणून निघालेली नव्हती, हे मला मराठी बाराखडी येण्याआधी माहीत होतं. आरमाराच्या मुख्य सरदाराचं नाव बाबा दर रविवारी वेगळं उच्चारत. शेवटी आईने कंटाळून मराठ्यांच्या आरमारातली पदवी त्याला देऊन टाकली. त्यानंतर तो आमच्या घरात कायमचा ‘सरखेल’ झाला.

रविवारी सकाळी पोहे झाले की मोहीम निघे. पोह्यांवर शेव आणि जीरावनचा मसाला भुरभुरलेला, बाजूला जिलबी, खिडकीतून अन्नपूर्णेच्या देवळातली घंटा, आणि स्वयंपाकघरापासून बाहेरच्या खोलीपर्यंत फरशीवर मांडलेली भांडी. मोठं पातेलं म्हणजे खजिन्याचं जहाज. ते खरोखर किती मोठं होतं यावर विद्वानांचे वाद आहेत, असं सांगून बाबा पुढे म्हणत, “अर्धं धरा. अर्धं धरलं तरी त्यात आपला होळकरांचा राजवाडा मावेल.” डबे म्हणजे घोड्यांची जहाजं, वाट्या म्हणजे गोड्या पाण्याची. उंबरठा म्हणजे मलाक्का. मिरीच्या व्यापारामुळे कालिकत धान्याच्या कोठीजवळ. आफ्रिका व्हरांड्यात, चपलांशेजारी. वारा उलटेपर्यंत आरमाराला कालिकतला थांबावं लागे, आणि नेमकी तिथेच आई यायची.

“अहो, तुमच्या सरखेलांना म्हणावं, पातेलं मलाक्क्याहून परत आणा. डाळ भिजलीये.”

“वारा फिरू दे ना.”

“वारा फिरेल तेव्हा फिरेल, कुकरची रिंग फाटलीये. पातेलं द्या.”

बाबांची सगळ्यात लाडकी गोष्ट जिराफाची. बंगालच्या सुलतानाने चीनच्या बादशहाला एक जिराफ नजर केला. तो मूळचा आफ्रिकेतला, बंगालला आलेला, तिथून जहाजात चढवलेला. दरबाराने तो प्राणी जन्मात पाहिलेला नाही. त्यांच्या पोथ्यांमध्ये एका शुभ प्राण्याचं वर्णन होतं, जो फक्त पुण्यवान राजाच्या काळात दिसतो. झालं. सगळे म्हणाले, हाच तो. इथे बाबा उभे राहत, मान लांब करत आणि दरबाऱ्यांकडे अतिशय मूर्ख, सौम्य नजरेने बघत. आज मी पन्नाशी ओलांडली आहे, प्राणिसंग्रहालयात खरे जिराफ पाहिले आहेत, आणि माझं प्रामाणिक मत आहे की बाबांचा जिराफ जास्त चांगला होता.

आता घरातल्या भांडणाकडे येते. बाबांचे मोठे भाऊ छत्रीबागेत राहत. त्यांना आम्ही सगळे नाना म्हणायचो, बाबासुद्धा. मी सातवीत असेपर्यंत आम्ही तिथेच, त्यांच्या बाजूच्या दोन खोल्यांत होतो. मग कॉलेज जवळ पडावं म्हणून अन्नपूर्णेच्या देवळाजवळ घर घेतलं, आणि त्या पहिल्याच भाद्रपदात बाबांनी एक चूक केली. नव्या घरात गणपती आणला. त्यांना वाटलं, घर नवं आहे, बाप्पा यायला हवा, नाना कौतुक करतील. आमच्या घराण्यात गणपती थोरल्याकडे बसतो आणि धाकटे सोवळं नेसून तिथे जातात, हे पीएच.डी. झालेल्या माणसाच्या ध्यानात आलं नाही. घर वेगळं केलेलं नानांना चाललं होतं, चूल वेगळी केलेली चालली होती. गणपती वेगळा केलेला कळला तेव्हा ते एवढंच म्हणाले, “अच्छा, देवाचीसुद्धा वाटणी झाली.” आणि बोलणं बंद.

बोलणं भावांचं बंद झालं. डबे सुरू राहिले. माझी आई आणि काकू या दोघींनी एकमेकींच्या नवऱ्यांच्या अबोल्याची दखलच घेतली नाही. काकूने सांज्याच्या पोळ्या केल्या की स्टीलच्या डब्यातून चार अन्नपूर्णेला येत, आणि आलेला डबा रिकामा परत पाठवायचा नाही, हा आमच्यात कायदाच. काही नसेल तर साखर घालायची, पण डबा वाजता कामा नये. ही सगळी वाहतूक माझ्याकडे होती. मी, माझी निळी सायकल, कॅरिअरला बांधलेला डबा, अन्नपूर्णा ते महूनाका, महूनाक्याहून छत्रीबाग. हल्ली पाठीवर चौकोनी पिशव्या घेऊन घरोघर जेवण पोचवणारी मुलं दिसतात, तेव्हा मी त्यांच्याकडे एखाद्या निवृत्त सेनापतीच्या नजरेने बघते.

एका दुपारी मी काकूने दिलेला लिंबाचं लोणचं भरलेला डबा घेऊन आले, आणि बाबा त्या डब्याकडे बघत एकदम थबकले. “अगं,” ते म्हणाले, “हे तर नजराण्याचं राजकारण आहे!”

मग त्यांनी आम्हा दोघींना बसवून समजावलं. छोटी राज्यं चीनच्या दरबारात नजराणा घेऊन येत. मिरी, चंदन, मोती, हत्ती, काय असेल ते. बादशहा त्यांना त्याहून कितीतरी जास्त देऊन पाठवत असे. रेशीम, चिनी मातीची भांडी, वस्त्रं. तोटाच तोटा. पण परत जाणारा दूत दिपून गेलेला असे. लढाई न करता माणूस आपला होई. “आपणही तेच करायचं. नानांकडून जे येईल, त्याच्या दुप्पट पाठवायचं. एक दिवस ते स्वतः येतील.”

“दुप्पट लोणचं?” आई म्हणाली.

“लोणच्याच्या दुप्पट काहीही.”

आईने कपाळाला हात लावला, पण तिलाही नानांनी यायला हवं होतं. म्हणून लोणच्याच्या डब्यातून अनारसे गेले. अनारशांच्या बदल्यात तिकडून दाल-बाफल्यांचं अख्खं जेवण आलं, तेही चार पुडांच्या डब्यातून, तुपासकट. बाबा हात चोळत म्हणाले, “असर होतोय.” आईने चिरोटे तळले आणि वर भुट्ट्याचा कीस केला. तिकडून गुलाबजाम आले, सोबत करंज्या. माझ्या सायकलला पुढे टोपली लागली. मग हँडलच्या दोन्ही बाजूंना पिशव्या. महूनाक्याच्या पंक्चरवाल्याने एकदा मला थांबवून विचारलं, “क्यों बिटिया, किसकी शादी है?” आम्ही तिघं संध्याकाळी गुलाबजाम खात एकमेकांकडे न बघता बसायचो. बाबांच्या पँटचं बटण पहिल्यांदा तुटलं ते त्या काळात.

लग्न खरोखरच ठरलं, आणि त्याने सगळ्यातली गंमत गेली. नानांच्या मंजूताईचं. मंजूताई म्हणजे माझी चुलतबहीण, पण खरं सांगायचं तर माझं अर्धं बालपण. मार्गशीर्षातला मुहूर्त निघाला. आमच्या घराण्यात सख्ख्या भावाला लग्नाचं आमंत्रण देत नाहीत, काम देतात. मांडव तू बघ, आचारी तू बघ, वरातीच्या गाड्या तुझ्याकडे. ज्याला काम मिळालं तो घरचा, ज्याला पत्रिका आली तो पाहुणा. दिवस जात होते आणि बाबांना कोणी काही काम सांगत नव्हतं.

“टपालाने पत्रिका आली ना,” आई एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाली, “तर समजा, आपण संपलो तिथले.”

त्यानंतर रोज पोस्टमन येण्याच्या वेळेला बाबा व्हरांड्यात उभे राहत, आणि तो पुढे निघून गेला की आत येऊन पाणी पीत.

छत्रीबागेत मंजूताईने मला जिन्याखाली ओढलं. “सुमे, तुझ्या बापाला सांग, हमको मिठाई नहीं चाहिए. मला काका पाहिजेत. मांडवात ते खुर्चीवर पाहुण्यांसारखे बसलेले मला बघवणार नाहीत यार.”

“मग तू तुझ्या बापाला सांग ना.”

“सांगितलं. ते म्हणाले, तुझा काका फार मोठा माणूस झालाय.”

मी हे घरी सांगितलं. बाबा खूश झाले. म्हणाले, “पाहिलंस? मोठा म्हणाले.”

अशा परिस्थितीत आमच्या समाजाच्या व्याख्यानमालेत बाबांचं नाव लागलं. विषय अर्थातच चिनी आरमार. हॉल छत्रीबागेजवळचा, संध्याकाळची वेळ, सतरंज्या, मागे थोड्या खुर्च्या, व्याख्यानानंतर चहा आणि कचोरी. अध्यक्षस्थानी टोकेकर वकील होते. या गृहस्थांना सभेचे नियम इतके प्रिय होते की ते घरीही बायकोला ‘मुद्द्यावर या’ म्हणत, अशी वदंता होती. आणि पहिल्या रांगेत नाना बसले होते. पांढरं धोतर, काळा कोट, मांडीवर छत्री. बाबांना ते दिसले, आणि बाबांच्या अंगात आलं.

काय बोलले म्हणून सांगू! जहाजं निघाली तेव्हा टाळ्या पडल्या. कालिकतचा बाजार त्यांनी असा उभा केला की आम्हाला मिरीने शिंका याव्यात. सौदा ठरला की दोन्ही बाजू हातात हात मिळवत, आणि मग भाव मागेपुढे होणार नाही, हे सांगताना त्यांनी टोकेकर वकिलांचा हात धरून दाखवला. सिंहलद्वीपावर सरखेलांनी एक शिळा उभी केली. तिच्यावर तीन भाषा. चिनीत बुद्धाची स्तुती, तमिळमध्ये विष्णूच्या एका रूपाची, फारसीत अल्लाची. आणि तिघांना वाहिलेल्या भेटी जवळजवळ सारख्या. “कोणी रुसायला नको!” बाबा म्हणाले आणि लोक हसले. जिराफही झाला, मानेसकट. मग ते नजराण्याच्या राजकारणाकडे वळले, घेतल्यापेक्षा जास्त देण्याकडे, आणि बोलता बोलता त्यांची नजर पहिल्या रांगेकडे अशी जाऊ लागली की शेजारच्या बायका आईला कोपराने ढोसायला लागल्या. शेवटी, दरबाऱ्यांना हा खर्च डोईजड वाटू लागला, मोहिमा बंद झाल्या, जहाजं गोदीत कुजली, असं सांगून त्यांनी आवाज खाली आणला आणि बसले.

“प्रश्न असल्यास,” टोकेकर म्हणाले, “अध्यक्षांमार्फत विचारावेत.”

नाना उठले. सगळा हॉल असा गप्प झाला की बाहेर कचोरी तळल्याचा आवाज आत आला. नानांनी बाबांकडे पाहिलं नाही. ते टोकेकरांकडे बघून बोलले.

“अध्यक्षमहाराज, वक्त्यांना विचारा, घेतल्यापेक्षा जास्त देणं हा बादशहाचा मान होता. बरोबर?”

टोकेकरांनी मान बाबांकडे वळवली. बाबाही टोकेकरांकडे बघत म्हणाले, “बरोबर आहे, म्हणून सांगावं.”

“म्हणजे जास्त देणारा तो मोठा. घेणारा तो धाकटा.”

“अर्थात.”

“आता समजा,” नानांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, “समजा, एखाद्या धाकट्या राजाने बादशहालाच दुपटीने पाठवायला सुरुवात केली. बादशहाने लोणचं पाठवलं, याने अनारसे पाठवले. बादशहाने जेवण पाठवलं, याने चिरोटे पाठवले. तर बादशहाने त्याचा काय अर्थ लावायचा?”

मागच्या खुर्च्यांवरून कोणीतरी म्हणालं, “भिया, हे चीनमध्ये चाललंय का छत्रीबागेत?”

“शांतता!” टोकेकर ओरडले. त्यांच्या आयुष्यातली ही सगळ्यात चांगली सभा होती.

मी बाबांकडे बघत होते. इतकी वर्षं ती जहाजं फरशीवर फिरवणाऱ्या माणसाला त्या क्षणी दिसलं की डब्यांच्या त्या सगळ्या काळात त्यांनी स्वतःला बादशहा धरलं होतं. थोरल्या भावाला त्यांनी नजराणा आणणारा मांडलिक केलं होतं, आणि वरून गुलाबजाम मोजत बसले होते. नानांनी प्रत्येक डबा उघडून त्यात हेच वाचलं होतं. धाकटा आता मला पोसायला निघाला.

बाबा ग्लासातलं पाणी प्यायले. मग हळू आवाजात म्हणाले, “अध्यक्षमहाराज, प्रश्नकर्त्यांना सांगावं, असं कोणी केल्याचं माझ्या वाचनात नाही. पण केलं असेल, तर त्या राजाला वाटलं असेल की याने बादशहा खूश होईल. तो राजा शिकलेला असावा. शहाणा नसावा.”



“मग त्याने करावं काय?” नाना म्हणाले. टोकेकरांमार्फत विचारायचं ते विसरले होते.

“मलाक्क्याचा राजा स्वतः गेला होता,” बाबा थेट त्यांना म्हणाले. “बायकोमुलांना घेऊन. नजराणाही नेला असेल, पण गेला होता मागायला. आपल्या मागे कोणी मोठं उभं आहे, एवढंच त्याला हवं होतं.”

“मिळालं?”

“मिळालं, नाना.”

नानांनी छत्री काखेत घेतली. “अध्यक्षमहाराज, माझं समाधान झालं,” असं म्हणून ते कचोरीसाठी न थांबता निघून गेले. बायकांत बसलेली काकू आमच्याकडे एकदा बघून त्यांच्या मागे गेली.

घरी आल्यावर बाबांनी जाहीर केलं, “उद्या सकाळी छत्रीबागेला जायचं. तिघांनी. काही न्यायचं नाही.”

“काही नाही म्हणजे? वहिनींचा मोठा डबा आहे आपल्याकडे.”

“तो घे. रिकामा.”

आईच्या चेहऱ्यावरचे ते भाव मला अजून दिसतात. “रिकामा डबा? माझ्या हातून? अहो, लोक काय म्हणतील, वहिनी काय म्हणतील! मूठभर साखर तरी घालते.”

“साखर नाही.”

“विड्याची दोन पानं.”

“पानं नाहीत.”

“एक लवंग! लवंगेने काय होतंय?”

“लवंग टाकलीस की आपण परत बादशहा झालो. सुधा, आपल्याला मागायला जायचंय.”

आईने तो डबा चिंचेने घासला, राखेने घासला, पुन्हा चिंचेने घासला. रिकामा न्यायचा तर निदान लखलखीत न्यायचा, एवढी सूट तिने स्वतःला दिली. सकाळी ती बाबांच्या स्कूटरवर मागे बसली ती डबा पदराखाली झाकून, चोरीचा माल असल्यासारखी. स्कूटर खड्ड्यात गेली की आत झाकण खणखणे आणि ती डोळे मिटून घेई. मी सायकलवर मागे. त्या रस्त्यावर माझी सायकल इतकी हलकी कधीच चालली नव्हती.

दार काकूने उघडलं. आईने मान खाली घालून डबा पुढे केला. काकूने तो नेहमीच्या ताकदीने उचलला आणि वजन नसल्यामुळे तिचा हात उडून कपाळापर्यंत गेला. तिने झाकण काढलं, आत बघितलं, आईकडे बघितलं. “सुधा?” एवढंच म्हणाली. आईच्या डोळ्यांतून पाणी आलं.

नाना खाटेवर बसून दाढी करत होते. एका गालाला फेस. काकूने डबा त्यांच्यापुढे धरला. नानांनी वाकून आत बराच वेळ पाहिलं. इतका वेळ, की मलाही एकदा पुढे होऊन आत काही राहिलंय का, ते बघावंसं वाटलं.

“घासलाय चांगला,” नाना म्हणाले.

बाबा दारातच उभे होते. “नाना,” ते म्हणाले, आणि तो कालचा वक्त्याचा आवाज नव्हता, “मंजूच्या लग्नात मला काय काम आहे?”

गणपतीबद्दल त्या दिवशी कोणी बोललं नाही. तो प्रश्न पुढे दोन्ही भावांनी सिंहलद्वीपाच्या पद्धतीने सोडवला. दोन्हीकडे बसू लागला, नैवेद्य सारखा, फक्त आरती आधी छत्रीबागेत. आता दोघंही नाहीत, तरी आम्ही तसंच करतो. पण त्या सकाळी नानांनी फक्त वस्तरा खाली ठेवला आणि टॉवेलने हात पुसले.

“काय काम आहे म्हणून आज विचारतोस? कुठे होतास इतके दिवस? इथे मी एकटा मरतोय. लग्नाचा गहू बेटम्याहून यायचाय, तो माणूस दाद देत नाहीये. आचाऱ्याला पैसे दिलेले नाहीत. मंडपवाला रोज नवीन बोलतो.”

“मी जातो बेटम्याला.”

“कधी जातोस? उद्या? परवा?”

“आत्ता जातो.”

काकू आतून म्हणाली, “अहो, पोहे टाकलेत. खाऊन तर जाऊ द्या त्याला.”

“पोहे कशाला?” नाना गरजले. “पाहुणा आहे का तो? गंगवाल स्टँडहून बस आहे, तिच्यात बसेल.”

बाबा तोवर चपला घालून ओट्याच्या पायऱ्या उतरले होते. त्यांनी स्कूटरकडे पाहिलंही नाही. माझे वडील, इतिहासाचे प्राध्यापक, भर गल्लीतून चक्क पळत होते, आणि एका गालाला फेस, दुसरा मोकळा अशा अवस्थेत नाना ओट्यावर येऊन, सगळ्या छत्रीबागेला ऐकू जाईल असे ओरडत होते, “अरे गाढवा, गहू कशात आणणार? बारदानं तरी घेऊन जा!”